आईची जन्मतारीख, भावाची मूठ

२०२४ सालच्या धनत्रयोदशीला, म्हणजे २९ ऑक्टोबरला दुपारी, गावाहून आईचा फोन आला. तिने टीव्हीवर बातमी पाहिली होती. वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळणार होते आणि त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ नावाचे वेगळे कार्ड काढायचे होते. “मला एकाहत्तर पूर्ण झाली ना गं?” तिने विचारले. मी हो म्हटले. उत्तर खरेच होते, पण ते कागदावर खरे ठरवण्यात आमचे साडेपाच महिने गेले. आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत, म्हणून त्या महिन्यांत जे पाहिले आणि जे शिकले ते इथे लिहून ठेवते आहे.

आईने फोन ठेवण्यापूर्वी आणखी एक वाक्य उच्चारले, “अण्णांच्या वेळी हे असतं तर.” आमचे वडील २०१९ च्या जुलैमध्ये गेले, तेव्हा तेही एकाहत्तर वर्षांचे होते. गावच्या विकास सोसायटीत सचिव म्हणून त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती. निवृत्तीनंतर हातात येणारी रक्कम किरकोळ होती आणि वैद्यकीय खर्चाची कोणतीही सोय नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाल्याने ते अकरा दिवस एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. आमचे रेशनकार्ड पांढरे असल्याने राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आम्ही त्या वेळी बसत नव्हतो. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीतून सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतही आमचे नाव नव्हते, कारण तिची यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून केलेली होती. बिल भागवण्यासाठी भावाच्या नावावर ठेवलेल्या तीन ठेवी आईने मोडल्या. माझा धाकटा भाऊ जन्मतः मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे डॉक्टर ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याने, बाधित आहे. तो आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याचे जेवणखाण, अंघोळ, कूस बदलणे सारे आईच्या हातावर आहे. आपल्या माघारी त्याचे काय, या काळजीपोटी अण्णांनी त्या ठेवी पै-पै करून साठवल्या होत्या.

त्या सर्वेक्षणाचे निकष मी पुढे मुळातून वाचले, तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. म्हातारपण आणि अपंगत्व यांचा विचार त्यात केलेला होता. ग्रामीण भागासाठीच्या निकषांत ज्या घरात १६ ते ५९ या वयोगटातील एकही प्रौढ व्यक्ती नाही ते घर होते, आणि ज्या घरात अपंग व्यक्ती असून धडधाकट प्रौढ कोणीच नाही तेही घर होते. याचा अर्थ असा की, अपंग मुलाला सांभाळणारी आई जोपर्यंत हातीपायी धड आहे तोपर्यंत ते घर वंचित नव्हे. शिवाय पक्क्या भिंतींच्या तीन खोल्या, फ्रिज किंवा लँडलाइन फोन यांपैकी काही घरात असेल, तर ते घर मुळातच यादीबाहेर जात होते. आमच्याकडे फ्रिज होता, कारण भावाची काही औषधे थंड जागी ठेवावी लागत. हे निकष ठरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही, कारण गरिबातल्या गरिबाला आधी पोहोचवायचे तर रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पण आजारपण आणि पंगुत्व ज्या घरात कायमचे मुक्कामाला असते, त्या घराची ऐपत फ्रिजवरून मोजता येत नाही, हे मी अकरा दिवसांच्या बिलात पाहिले आहे.

पुढे परिस्थिती बदलली, आणि ती चांगल्या दिशेने बदलली, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेऊन फुले योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना लागू केली, प्रत्येक कुटुंबाचे वर्षाचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले आणि उपचारांची संख्या १३५६ केली. प्रत्यक्षात हे १ जुलै २०२४ पासून अमलात आले. म्हणजे आई आणि भाऊ दोघेही तेव्हाच संरक्षणाखाली आले होते. मग वय वंदना कार्डाचा आग्रह कशासाठी, असे माझ्या नवऱ्याने विचारले. उत्तर असे की, कुटुंबाचे पाच लाख हे एका शिधापत्रिकेवरील सगळ्यांना मिळून असतात, आणि सत्तरीपुढच्या व्यक्तीसाठीचे पाच लाख वेगळे असतात. घरातल्या सत्तरीखालील माणसांबरोबर ते वाटून घ्यावे लागत नाहीत. ज्या घरात बहात्तरीकडे झुकलेली आई आणि वारंवार रुग्णालयात न्यावा लागणारा मुलगा एकाच कार्डावर आहेत, त्या घरासाठी हा फरक लहान नाही. आईवर उपचार झाले तर भावाच्या वाट्याचे कमी होणार नाही, ही गोष्ट तिला स्वतःच्या उपचारांपेक्षाही मोलाची वाटली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गावी गेले आणि मोबाइलवरच्या आयुष्मान ॲपमध्ये तिचा आधार क्रमांक घातला. वय सत्तरपेक्षा कमी असल्याने नोंदणी होऊ शकत नाही, अशा अर्थाचा संदेश आला. आम्ही आधार कार्ड बाहेर काढून प्रथमच नीट पाहिले. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९५७ होती. २०१२ मध्ये शाळेच्या व्हरांड्यात आधारचे शिबिर भरले होते. तिथल्या मुलाने आईचे मतदार ओळखपत्र पाहून त्यावरच्या वयातून वर्ष काढले होते, आणि ओळखपत्रावरचे वय त्याआधी कोणीतरी दारात उभे राहून अदमासे लिहून नेले होते. या योजनेत वयाचा पुरावा म्हणून आधारवरची नोंदच धरली जाते. ती नोंद प्रमाण मानली असती, तर आईला जानेवारी २०२७ पर्यंत थांबावे लागले असते.

आई जुन्या अकरावीची मॅट्रिक आहे. १९७० साली तिच्या गावातून त्या परीक्षेला बसलेल्या दोन मुलींपैकी ती एक होती, आणि या गोष्टीचा अभिमान तिने कधी बोलून दाखवला नाही, पण जपून ठेवला. तिच्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, शालूच्या घडीखाली, बोर्डाचे प्रमाणपत्र निघाले. घड्यांवर कागद फाटू नये म्हणून तिने मागून पातळ मलमलीची पट्टी खळीने चिकटवली होती. त्यावर जन्मतारीख शाईने लिहिलेली होती, १२ जून १९५३. आता काम झाले असे आम्हा दोघींना वाटले.

तालुक्याच्या आधार केंद्रात सकाळी आठला रांग लागते. आम्ही गेलो त्या दिवशी रांगेत निम्म्याहून अधिक माणसे आईच्याच वयाची होती आणि बहुतेकांची कामे सारखीच होती. कोणाची जन्मतारीख चुकलेली, कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला नाही, तर कोणाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. आईच्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या. तिच्या आधारला अण्णांचा मोबाइल क्रमांक जोडलेला होता आणि तो त्यांच्या माघारी बंद झाला होता. ठसे घ्यायला सुरुवात झाली तेव्हा केंद्रचालक मुलाने काचेवर बोटे ठेवायला सांगितली. तिने पदराने बोटे पुसली, ठेवली, आणि पडद्यावर लाल चौकट आली. त्याने ओल्या फडक्याने पुसायला सांगितले, मग थोडे खोबरेल लावून पाहिले, मग स्वतः तिची बोटे धरून काचेवर दाबली. पन्नास वर्षे भाकऱ्या थापून, राखेने भांडी घासून आणि मुलाचे कपडे धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. तो मुलगा मनाने चांगला होता. “आजी, राहू द्या, आपण डोळ्यांवरून करू,” असे म्हणून त्याने बुबुळांचे यंत्र लावले आणि ते पहिल्याच वेळी जुळले. मोबाइल क्रमांक बदलला, जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज गेला, पन्नास रुपये भरून पावती मिळाली. बुबुळांचा पर्याय असतो, हे रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. ठसे उमटत नसतील तर तो मागून घ्यावा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

तीन आठवड्यांनी अर्ज फेटाळल्याचा संदेश आला. प्रमाणपत्रावर आईचे माहेरचे नाव होते. माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. आणि आधारवर सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. यंत्रणेच्या लेखी या दोन वेगळ्या बायका होत्या. १९७४ मध्ये झालेल्या लग्नाची नोंदणी कोणी केलेली नव्हती आणि अण्णा नसल्यामुळे आता ती करणेही सोपे नव्हते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नावसुद्धा बदलण्याची रीत होती आणि आईचेही ते बदलले होते, त्यामुळे दोन्ही कागदांत एकही शब्द सारखा नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या किती बायकांच्या शाळेच्या दाखल्यांची हीच अवस्था असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. वयाचा पुरावा ज्यांच्याकडे मुळातच कमी, त्यांतल्या ज्यांच्याकडे तो आहे, त्यांचाही तो माहेरच्या नावावर अडकून पडलेला असतो.

मार्ग शेवटी राजपत्राचा निघाला. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात भाग दोन हा ‘संकीर्ण सूचना व जाहिराती’ यांचा असतो आणि नावातील बदल त्यात प्रसिद्ध होतात. त्यासाठी ऑनलाइन अर्ज केला, कारणाच्या जागी ‘विवाहामुळे’ असे लिहिले, आणि फेब्रुवारीत आईचे जुने आणि नवे नाव शेजारीशेजारी छापून आले. तिने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. पन्नास वर्षांनी तिचे माहेरचे नाव छापलेले दिसले होते, आणि त्याचा तिला झालेला आनंद कार्डाच्या आनंदाहून वेगळा होता. त्या राजपत्राची प्रत बोर्डाच्या प्रमाणपत्राला जोडून आम्ही पुन्हा त्याच केंद्रात गेलो. मार्चअखेरीस आधारवरची तारीख दुरुस्त झाली.

मधल्या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, भावाला न्यूमोनिया झाला. त्याला गिळायला त्रास होतो, अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो आणि छातीत संसर्ग होतो. दर दोनतीन वर्षांनी हे घडते. या वेळी पहिल्यांदाच आम्ही योजनेतून उपचार घेणार होतो. सुदैवाने त्याआधीच्या महिन्यात मी रेशनकार्डाचे काम केले होते. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नसल्याने ते वर्षानुवर्षे कपाटात पडून असते आणि त्यावर बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे की नाही हे कोणी पाहत नाही. आमच्या कार्डावर तो नव्हता आणि कुटुंबप्रमुख म्हणून अजून अण्णांचेच नाव होते. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दोन खेपा घालून अण्णांचे नाव कमी केले, आईचे प्रमुख म्हणून लावले, भावाचे नाव कायम असल्याची खात्री केली आणि क्रमांक घेतला. पांढरे कार्ड असलेल्या ज्यांनी हे केलेले नाही, त्यांनी माणूस आजारी पडण्याची वाट न पाहता ते करून घ्यावे. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसल्यावर पुरवठा शाखा उघडी नसते.

रुग्णालय अंगीकृत होते, म्हणजे योजनेच्या यादीतले होते, आणि तरीही दाखल करताना आमच्याकडून पंचवीस हजार रुपये अनामत घेतली गेली. मंजुरी आली की परत देऊ, असे तोंडी सांगण्यात आले. भावाचे ओठ निळसर पडले होते आणि त्या क्षणी वाद घालण्याचे त्राण कोणात नव्हते. सकाळी आरोग्यमित्र आल्या. अंगीकृत रुग्णालयात योजनेच्या कामासाठी हा माणूस नेमलेला असतो, आणि आमच्या नशिबाने त्या बाई कामाला चोख होत्या. त्यांनी रेशनकार्ड आणि आधार पाहिले, नोंद केली आणि मग ओळख पटवण्याच्या टप्प्याशी आल्या.

त्या टप्प्याबद्दल मला सविस्तर लिहिले पाहिजे. भावाच्या हातांचे स्नायू कायम आखडलेले असतात. त्याची उजवी मूठ मिटलेली असते आणि अंगठा मुठीच्या आत असतो. ती मूठ उघडण्याची एक पद्धत आईला माहीत आहे. मनगट थोडे आत वाकवायचे, हाताच्या मागच्या बाजूवरून कोमट पाण्याने भिजवलेले फडके हळूहळू फिरवायचे, आणि त्याच्याशी त्याच्या आवडीचे काहीतरी बोलत राहायचे. मग करंगळीपासून एकेक बोट सैल होत येते. आईने पाऊण तास हे केले. ऑक्सिजनची नळी लावलेला तो मुलगा तिच्याकडे पाहत होता आणि ती त्याला आमच्या म्हशीच्या रेडकाची गोष्ट सांगत होती. अंगठा बाहेर आला, आरोग्यमित्र बाईंनी यंत्र जवळ आणले, आणि काचेचा गार स्पर्श होताच मूठ पुन्हा मिटली. असे तीन वेळा झाले. मग चेहऱ्यावरून ओळख पटवायचे ठरले. मोबाइलमधले ॲप चेहरा स्थिर धरायला आणि डोळे मिचकवायला सांगते. भावाची मान एका बाजूला कलते आणि हलत राहते. सांगितल्यावर डोळे मिचकावणे ही त्याला न समजणारी गोष्ट आहे. आईने हनुवटीखाली हात देऊन मान सरळ धरली, तर चौकटीत दुसऱ्याचा हात येत असल्याने फोटो धड घेतला गेला नाही.

शेवटी त्या बाईंनीच वाट काढली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र, दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड आणि खाटेवरच्या भावाचा फोटो असे एकत्र करून त्यांनी ते वरिष्ठांकडे पाठवले, फोन करून पाठपुरावा केला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपचारांची मंजुरी आली. अनामत मात्र परत मिळत नव्हती. तेव्हा मी योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी पैसे परत आले. योजना पूर्णपणे विनारोख आहे, दाखल होताना किंवा नंतर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, हे ठाऊक असूनही मी पैसे भरले होते. ज्याला हे ठाऊक नाही तो काय करील, याचे उत्तर मला त्याच वॉर्डात मिळाले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलाने अनामतीसाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. मी त्याला तो क्रमांक लावून दिला आणि त्याचेही पैसे सुटले.

भाऊ नऊ दिवसांनी घरी आला. बिलाचा एक रुपयाही आम्हाला द्यावा लागला नाही. अण्णांच्या अकरा दिवसांची आठवण ज्यांच्या मनात आहे, त्यांनाच या वाक्याचे वजन कळेल.

त्यानंतर काही महिन्यांनी, ३० एप्रिल २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना आणि अंधांना ‘डोळे मिचकवा’ या अटीमुळे डिजिटल ओळखपडताळणी करता येत नाही, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पडताळणीच्या पद्धती दिव्यांगांना सोयीच्या करण्यासाठी वीस निर्देश दिले. वर्तमानपत्रातली ती बातमी मी कापून ठेवली आहे. माझ्या भावासारख्यांनी जे सोसले त्याला देशाच्या सर्वोच्च ठिकाणी शब्द मिळाले, याचे समाधान मोठे होते. आता ते निर्देश तालुक्याच्या रुग्णालयातल्या त्या मोबाइलपर्यंत आणि त्या काचेपर्यंत पोहोचले पाहिजेत.

एप्रिलच्या मध्यावर आईचे वय वंदना कार्ड निघाले, आणि आधार दुरुस्त असल्यावर ते काम किती सोपे आहे हे पाहून आश्चर्य वाटले. ॲपमध्ये आधार क्रमांक घातला, तिच्या नव्या मोबाइलवर ओटीपी आला, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या किंवा माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेचा लाभ घेत आहात का, असा प्रश्न आला. त्या योजनांतल्या सत्तरीपुढच्यांना जुनी योजना किंवा ही योजना यांपैकी एकच निवडावी लागते. ज्यांचा खासगी विमा आहे किंवा जे कामगार विमा योजनेत आहेत, त्यांना मात्र ती ठेवूनही हे कार्ड घेता येते. आईला यातले काहीच लागू नव्हते. अंगणात तुळशीपाशी उभी करून तिचा फोटो काढला, तो जुळला, आणि थोड्याच वेळात कार्ड उतरवून घेता आले. आधीपासून असलेला रक्तदाब किंवा मधुमेह त्यात पहिल्या दिवसापासून धरला जातो, प्रतीक्षेचा काळ नसतो. खासगी विम्याचे हप्ते ऐकून आधी थकलेल्या आम्हाला हे फार मोठे वाटले.

कार्डाचा उपयोग इतक्या लवकर करावा लागेल असे वाटले नव्हते. जुलैमध्ये मोरीत पाय घसरून आई पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सात दिवस रुग्णालयात राहिली, आणि सारे कार्डावर झाले. घरी आल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषधांचा खर्चही योजनेत धरलेला असतो, तो आम्ही मागून घेतला. पण त्यानंतरचे तीन महिने घरी येऊन व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे पैसे, वॉकर, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या हे सारे पदरचे आहे, कारण दाखल न होता घेतलेले उपचार या कार्डात येत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा बहुतेक खर्च हाच असतो. तो कधीतरी योजनेत यावा, असे मला मनापासून वाटते. भावाच्या बाबतीत थोडी वेगळी सोय आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली निरामय नावाची योजना आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण मिळते, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि ते विसरले की ते वर्ष हातचे जाते. आमचे एकदा गेले होते.

आई पडली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. ती रुग्णालयात असताना भावाजवळ मी होते, आणि त्याची मूठ मला उघडता येत नव्हती. त्याच दिवसांत कधीतरी माझ्या मनात पक्के झाले की, वय हा जसा आता स्वतंत्र निकष झाला आहे तसे अपंगत्वही झाले पाहिजे. आईला सत्तर पूर्ण झाली एवढ्यावर कार्ड मिळाले. तिला कोणी उत्पन्न विचारले नाही, घरातल्या खोल्या मोजल्या नाहीत. भावाचे संरक्षण मात्र अजूनही तो कोणाच्या शिधापत्रिकेवर आहे यावर उभे आहे. त्याला स्वतःला सत्तर पूर्ण व्हायला सव्वीस वर्षे आहेत, आणि त्याची प्रकृती पाहता तोवरचा हिशेब आम्ही कोणी मांडत नाही. जन्मापासून ज्याला रुग्णालय चुकले नाही, त्याला वयाच्या दारातून आत येण्याची वाट पाहायला लावणे मला न्यायाचे वाटत नाही. यूडीआयडी कार्डावर ठरावीक टक्क्यांपुढचे दिव्यांगत्व नोंदलेले असेल, तर तेवढ्यावर त्या व्यक्तीला तिच्या नावाचे वेगळे पाच लाखांचे संरक्षण मिळावे. तपासणी करून दिलेले प्रमाणपत्र शासनाच्याच मंडळाचे असते. नव्याने सिद्ध करायचे काही उरलेले नसते.

हा बदल होईल तेव्हा होईल. तोपर्यंत जे हातात आहे ते करायचे म्हणून आईने राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज केला आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि प्रौढ दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक ती नेमते. पालक म्हणून आईने माझे नाव दिले. नेमणूक झाली की भावाचे नाव माझ्या पुण्याच्या रेशनकार्डावर घेता येईल, असे पुरवठा शाखेतल्या बाईंनी सांगितले आहे. अर्जाला भावाचा अलीकडचा फोटो लागत होता. गावातला फोटोग्राफर घरी आला, आईने वॉकर बाजूला ठेवून खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या हनुवटीखाली हात दिला. तो हात फोटोत दिसतो. समितीच्या कार्यालयाने फोटो तसाच स्वीकारला आहे.